हितेंद्रची बिनविरोध निवड

बन्सीलाल नाना हार घेऊनच वर्गात शिरले. मतदान अजून व्हायचं होतं.

सारिका मॅडमनी खुर्ची पुढे केली. नाना संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा नातू हितेंद्र याच दहावीच्या वर्गात, पहिल्या बाकावर, नवा शर्ट घालून बसला होता. शाळेचा मुख्यमंत्री आज निवडला जायचा होता आणि तो हितेंद्रच होणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यासमोर कोणी उरलंच नव्हतं.

दहावीच्या मुलांनी मतं टाकून मुख्यमंत्री निवडायचा, ही कल्पना मॅडमची. त्यासाठी इतिहासाच्या तासाला त्या महिनाभर घसा कोरडा करत होत्या. पूर्वी मत सगळ्यांदेखत बोलून द्यावं लागे, समोर जमीनदार बसलेला असताना त्याच्याविरुद्ध बोलायची कुळाची काय छाती होती. बायकांना मताचा हक्क कसा भांडून मिळाला. विधवांचं केशवपन थांबवा म्हणणारे आपल्याच गल्लीत कसे वाळीत पडले. मुलं डोळे मोठे करून ऐकत. हितेंद्रसमोर वर्गातलीच ऋतिका उभी राहिली, आणखी दोघं-तिघं उभे राहिले, तेव्हा मॅडम हरखून गेल्या होत्या.

पण काल संध्याकाळी नानांनी सगळ्या पोरांना मारुतीच्या पारावर बोलावलं. पाचोऱ्याजवळच्या या गावात ग्रामपंचायत कायम बिनविरोध. पारावर बसायचं, नाव ठरवायचं, कोणाचा विरोध आहे का विचारायचं. हात कोणी वर करत नाही. मग पेढे. नाना काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या तरुणपणी गावात एकदाच निवडणूक लागली होती आणि त्यानंतर चुलतभाऊ चुलतभावाच्या लग्नाला गेला नव्हता. ती धास्ती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही.

"गावमा निवडणूक लागत नही, मंग शाळामा कसाले?" त्यांनी पोरांना विचारलं होतं. हितेंद्रचं नाव पुढे आलं. हात कोणी वर केला नाही. बाकीच्यांची माघार झाली, पेढे वाटले गेले.

सकाळी हे सगळं मॅडमना ऋतिकाने सांगितलं. "पुस्तकातले लोक एकटे उभे राहतात, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या घरच्यांना याच गावात राहायचंय." महिनाभराचं शिकवणं एका पेढ्याबरोबर पोरांच्या पोटात गेलं होतं. मॅडमना त्या क्षणी खरोखरच रडू आलं. ही मुलं उद्या मतदार होतील आणि आपण काय शिकवलं, तर पारावर हात खाली ठेवायला.

तरी त्यांनी मतदान ठेवलंच. एकच उमेदवार, मग मत कसलं, असं नानांनी विचारलं. मुलांना पद्धत तरी कळू दे, मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "बठ्ठासनं एकच मत शे," सगळ्यांच्या वतीने बोलावं तसं ते हसत म्हणाले, आणि मोजणी मीच करतो, असंही सांगून टाकलं.

चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. वर हितेंद्रचं नाव, खाली 'कोणीही नाही'. कोपऱ्यात नकाशाचा स्टँड आडवा लावला होता. त्याच्यामागे एकेकाने जायचं, एका ओळीपुढे फुली करायची आणि चिठ्ठी बुटाच्या खोक्यात टाकायची. "स्वतःचं नाव लिहू नका," मॅडम म्हणाल्या. "मी विचारणार नाही. घरी कोणी विचारलं तरी सांगायचं नाही."

मुलं जाऊन आली. जो तो खाली मान घालून, शेजाऱ्याकडे न बघता जागेवर बसला. चोरून कैरी खाल्ल्यासारखी तोंडं झाली होती. हितेंद्र सर्वांत शेवटी गेला.

नानांनी चष्मा चढवला, पहिली चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचली. "कोणीही नाही." कोणीतरी वात्रट दिसतंय, असं म्हणून ते हसले. दुसरीही तीच. तिसरीला त्यांचा आवाज उतरला. मग ते नुसत्याच चिठ्ठ्या उलगडत गेले आणि टेबलावर एकच ढीग वाढत गेला. वर्ग त्या ढिगाकडे बघत होता. आपण एकटेच आहोत, असं प्रत्येकाला वाटलं होतं आणि आता ते एकमेकांकडे बघायला लागले. आधी घाबरत, मग हसत. सारिका मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि या वेळी त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

मागच्या बाकावरून ऋतिका उठली. घेतलेली माघार परत घेता येते का, असं तिने खणखणीत आवाजात विचारलं. तिच्यामागे आणखी हात वर झाले. सगळ्यांदेखत, नानांदेखत.

नानांनी खोका उलटा करून हलवला. तो रिकामा होता. पोरांवर रागवावं की काय करावं, त्यांना कळेना. ते नातवाकडे वळले. निदान एक चिठ्ठी तरी वेगळी निघायला हवी होती.

"तुनं मत कोठे गयं?"

हितेंद्र उठून उभा राहिला. "त्याच ढिगमा शे, नाना," तो म्हणाला. "माले जिंकानं शे. समोर कोनीच नही, मंग ते जिंकनं कसानं?"