तीन नंबरचा सिलिंडर

गाडी सातव्यांदा बंद पडली, आणि तीही ऐन चौकात, सिग्नल हिरवा असताना. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. काकूंनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"क्लच हळू सोडा, काकू, हळू! किती वेळा सांगायचं?" शेजारी बसलेले ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणाले.

"सर, शनिवारच्या परीक्षेतून माझं नाव काढून टाका. माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

पस्तीस वर्षं काकूंनी शिवणयंत्र पायानं चालवलं. सुळसुळीत रेशमावर टाका कधी हुकला नाही. आणि इथे एक क्लच साडेतीन महिने त्यांच्या नाकी नऊ आणत होता. पण त्यांना रडू आलं ते त्यामुळे नव्हे. थोरल्या अक्काचे गुडघे गेले होते. बसची पायरी चढवत नाही म्हणून ती तीन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. काकूंनीच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, "थांब, मी गाडी शिकते आणि तुला सगळीकडे मिरवून आणते." तेव्हापासून अक्का रोज फोन करून विचारायची, "कुठवर आलं गं?" आज तिला काय सांगायचं?

मागचे दोघे-तिघे उतरले आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. कडेला नेमकं एक गॅरेज होतं. दारातल्या स्टुलावर बसलेला म्हातारा मिस्त्री मघापासून कान देऊन होता. तो उठून आला.

"चालू करा बघू परत."

काकूंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि हिवताप आल्यागत थडथडू लागली. आरशाला लटकवलेली बाहुलीसुद्धा नाचत होती.

"ही अशीच थरथरते का रोज?"

"जुनी गाडी आहे हो," सर म्हणाले. "त्यात ही शिकाऊ माणसं. बंद पाडणारच. यंदा तर सगळी बॅचच अशी आलीय."

सरांचं तरी काय चुकलं म्हणा! वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांचा ठाम समज झाला होता, की गाडी बंद पडली म्हणजे पाय चुकला. सकाळी शाळेच्या दारातून गाडी ते स्वतः काढायचे, पण एक्सिलरेटरवर पाय ठेवूनच. आणि विद्यार्थ्यांना मात्र सक्त ताकीद, एक्सिलरेटरला हात काय, पायसुद्धा लावायचा नाही. आधी नुसत्या क्लचवर गाडी हलवायची, मग एक्सिलरेटर. हा त्यांच्या शाळेचा नियम, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. सरांना त्यांच्या बाजूचा एक्सिलरेटर जरासा दाबून धरायला सांगितला आणि प्लगची एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिनाचा आवाज बसला. दुसरी काढली, पुन्हा बसला. तिसरी काढली, आवाजात तिळमात्र फरक नाही. चौथीला परत बसला.

"तीन नंबर मेलाय," मिस्त्री म्हणाला. "वायर आतून तुटलीय. चारातले तीनच सिलिंडर काम करतायत. म्हणून तर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाचशेच्या खाली लोळतोय. आठशेवर पाहिजे. किती दिवस झाले?"

बाहुली नाचायला लागून तीन-चार महिने झाले होते, हे सरांना आत्ता आठवलं.

"उतरा काकू, आत घेतो." मिस्त्री स्वतः चाकावर बसला. "बघू तरी तुमचा नियम, सर. नुसत्या क्लचवर."

गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मिस्त्रीनं पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. गॅरेजच्या दारापर्यंतच्या वीस फुटांत चाळीस वर्षं मुरलेल्या त्या माणसानं ती तीनदा बंद पाडली. खाली उतरून त्यानं फडक्यानं कपाळ पुसलं.

"काकू, आज तुमच्याकडून किती वेळा बंद पडली?"

"सात," काकू खालमानेनं म्हणाल्या.

"कुठून निघाला होता?"

"टेकडीच्या पलीकडून. सहा किलोमीटर."

मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. "टेकडी चढून? हिला घेऊन? आणि फक्त सात?"

काकूंनी मान वर केली. सरांनी मात्र खाली घातली. मग ते पुटपुटले, "काकू, चुकलो मी." साडेतीन महिन्यांत त्यांच्या तोंडून हा शब्द काकूंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांना इतकं हसू आलं, की पदर तोंडाला लावावा लागला.

मिस्त्रीनं नवी वायर बसवली. दहा मिनिटांचं तर काम. काकूंनी किल्ली फिरवली, काही ऐकूच आलं नाही म्हणून परत फिरवली आणि गाडी कर्रकन ओरडली. "अहो, चालू आहे, चालू आहे!" मिस्त्री आणि सर एकदमच ओरडले. काकूंनी क्लच सोडला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. काकूंच्या अंगावर आनंदानं काटा आला. अगं बाई, गाडी म्हणजे हे होय!

चौकात काकू सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. सिग्नल हिरवा झाला आणि मागचा कोणी हॉर्नला हात लावायच्या आत काकूंनी उजवीकडे वळणही घेतलं.

"अहो काकू, कुठे निघालात?" सर दचकून म्हणाले. "शाळा डावीकडे राहिली!"

"ठाऊक आहे मला," काकू दुसरा गियर टाकत म्हणाल्या. "अक्का उजवीकडे राहते."