बाईंची जर्सी

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना त्या शुक्रवारी संध्याकाळी होता. अशा दिवशी शेवटच्या वर्षाचा प्रत्येक खेळाडू आपली जर्सी एका शिक्षकाला देतो. ज्याचे उपकार वाटतात त्याला. मग तो शिक्षक ती दिवसभर मिरवतो. गणिताचे सर सकाळपासूनच मिरवत होते.

इंग्रजीच्या टिटजेन बाईंना आजवर एकही मिळाली नव्हती. नापास करणाऱ्या बाईला कोण देणार? या वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या. "मला काय करायचंय ते झबलं घालून?" असं म्हणायच्या खऱ्या, पण बाहेर नेब्रास्काची थंडी मी म्हणत असताना आज स्वेटर न घालता आल्या होत्या.

पहिल्याच तासाला कोल्बी हावलिक उठला. दाराएवढा पोरगा. गेल्या वर्षी याच वर्गात तो छाती काढून म्हणाला होता, "बाई, मी जॉक आहे, मैदानावरचा गडी. पुस्तकं आपलं काम नाही." बाईंनी सुनावलं होतं, "जॉक हा शब्द आला कुठून, ते शोधून आण. तोवर मैदान बंद."

आता त्याने जर्सी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"चुकून ठेवलीस का रे?"

"नाही बाई. तो शब्द लंगोटावरून आलाय, आम्ही आतून बांधतो त्या पट्ट्यावरून. तुम्हाला सांगताना जाम लाज वाटली होती."

वर्ग खिदळला. कोल्बीचे कान लाल झाले, पण गडी मागे हटला नाही.

"लोकांना आमचं हेल्मेट दिसतं, नंबर दिसतो. तो पट्टा कुणाला दिसत नाही. आवळतो, काचतो, वर शिव्याही खातो. पण त्याच्याशिवाय मैदानात उतरून दाखवा! बाई, तुम्ही माझ्यासाठी तशाच आहात."

पोरं बाकं बडवून हसली. बाई फळ्याकडे वळल्या आणि कोराच फळा बराच वेळ पुसत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

तास संपल्यावर त्या बाहेर आल्या. जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. समोरून प्रशिक्षक येत होते.

"काय बाई, जाता जाता तुम्हीही जॉक झालात?"

"जॉक नव्हे हो," बाई ताठ मानेने म्हणाल्या, "लंगोट!"