सासूबाईंचं मडकं

कुआंग वैद्यांनी माझ्या दोन्ही हातांची नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, "बरगडीखाली दुखतंय ना? सहा वर्षं राग गिळून लिव्हरमध्ये कोंडून ठेवलायस. काढा पी, आणि यापुढे राग आला की तिथल्या तिथे बोलून टाक."

काढा उकळायचं मडकं खालच्या मजल्यावर सासूबाईंकडे होतं. ते देताना त्या दारातूनच म्हणाल्या, "घे शुलान. नूडल्सचा लगदा करतेस, निदान काढा तरी नीट उकळ. आणि मडकं परत आणायचं नाही हं! काढ्याचं मडकं परत करणं म्हणजे दुखणं घरी आणून देणं. ज्याला लागेल तो स्वतः न्यायला येतो. मला काही धाड भरलेली नाही."

महिनाभर मी काढा प्यायले आणि वैद्यांचं दुसरं सांगणंही तंतोतंत पाळलं. सासूबाईंच्या एका टोमण्याला माझे दोन, तेही भर जिन्यात, शेजारणींच्या देखत. दुखणं पार पळालं.

आज सकाळी दार वाजलं. उजवी बरगडी दाबून धरून सासूबाई उभ्या होत्या.



"मडकं दे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढचं सगळं त्यांनी गिळलं.