गुडघ्यातली खडी

मुलगी तपासणीच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. दोन्ही हात कानांवर, गुडघ्यातून रक्त, त्यात बारीक खडी रुतलेली.

सिस्टरने कापूस पुढे केला मात्र, तिने अशी किंकाळी फोडली की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

"एवढंसं तर खरचटलंय," सिस्टर म्हणाली. "घट्ट धरू का?"

"धरू नका," सोबत आलेल्या बाई म्हणाल्या. "आधी पंखा बंद करा. आणि ती ट्यूबलाइट."

डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांनी स्वतःच बटणं बंद केली. पंख्याची घरघर थांबली, तसा मुलीने एक हात कानावरून काढला.

बाईंचा कुडता उलटा होता, शिवणी बाहेर. पोर सायकलवरून पडली म्हटल्यावर हाताला लागेल ते घालून धावल्या असतील बिचाऱ्या, डॉक्टरांच्या मनात आलं.

"घरी कळवलंत?"

"फोन केलाय. येतायत."

बाई जमिनीवर बसल्या, पण मुलीपासून हातभर लांब.

"स्पिरिट नको, वास डोक्यात जातो. कोमट पाणी द्या." मग मुलीला म्हणाल्या, "पाणी तूच ओत. तू सांगितल्याशिवाय कुणी हात लावणार नाही."

मुलीने ओतलं. थांबली. पुन्हा ओतलं. एक खडा घरंगळून फरशीवर आला. तिने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हा माझ्या आत होता?"

"होता. अजून आहेत. बघू या?"

मुलगी वाकून स्वतःचाच गुडघा न्याहाळू लागली. रडणं विसरलीच.

शेवटचा खडा मात्र खोल होता. चिमटा घेऊन डॉक्टरही खाली बसले. मुलीने होकाराची मान हलवली. त्यांनी अलगद बोट टेकवलं, तशी ती चटका बसल्यागत मागे सरकली.

"अलगद नको," बाई पटकन म्हणाल्या. "अलगद म्हणजे अंगावर मुंग्या. आधी सांगा, मग दाबून धरा."

डॉक्टरांनी सांगितलं, पोटरी दाबून धरली आणि चिमटा चालवला. मुलीने दात आवळले. पाय मात्र हलवला नाही.

चिकटपट्टीऐवजी बँडेज गुंडाळून झालं. डॉक्टर हात धुवायला उठले.

"आम्हाला हे कुणी शिकवलं नाही हो. तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकले नाही," बाई म्हणाल्या. "सोसलं."

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान डोलावली. शेवटी आईचं काळीज.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत घुसली, घामाघूम.

"अहो, बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले. "नंबराने या."

"नंबर कसला, डॉक्टर! मुलगी आहे माझी ती. दप्तरावरचा फोन नंबर बघून कुणा बाईंनी कळवलं... कुठायत त्या?"

डॉक्टरांनी जमिनीवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं; कुडत्याच्या शिवणी घाईने नव्हे, अंगाला टोचू नयेत म्हणून बाहेर होत्या.