पडल्यावरच्या टाळ्या

लेकीच्या, मृणालच्या हट्टापायी रविवारी स्की स्लोपवर गेलो. बर्फ नाहीच. टेकडीवर प्लास्टिकचे ब्रश अंथरलेले आणि मधोमध एक लांबलचक लोखंडी रेल, कठड्याच्या दांड्यासारखी. कुणी स्की, कुणी स्नोबोर्ड बांधून त्या रेलवर उडी घ्यायची, दोन हात घसरायचं आणि दाणकन आपटायचं. मी हाडांचा डॉक्टर, प्रत्येक आपटण्यागणिक मनात फ्रॅक्चर मोजत होतो. आणि बाकीची मंडळी चक्क टाळ्या पिटत होती!

मृणालही पडली. पुन्हा टाळ्या. मी धावत जाऊन तिचं मनगट चाचपलं. ठीक होतं.

"हे सगळे तुला हसतायत का गं?"

"नाही हो बाबा. मी ट्राय केलं म्हणून."

"पण जमलं कुठे?"

"नाही जमलं म्हणूनच तर! जमल्यावर कशाला लागतात टाळ्या?"

ती हसत पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

या देशात आल्यावर सर्जनच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो होतो. तिन्ही वेळा साताऱ्याला घरी पत्र टाकलं होतं, परीक्षा पुढे ढकलली आहे.