मोकळा कप्पा

ताओयुआनच्या कारखान्यात सर्व्हरचं नवं कपाट तयार झालं. जुन्या चार कपाटांचं काम एकट्यानं ओढणारं. आत बोट शिरायला जागा नाही. गिऱ्हाईक दारात आलेलं, पण तपासनीस त्साओबाई ते पास करेनात.

"हिरव्या पुड्यातला खाऊ कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं. तैवानात समजूतच अशी, की हा खाऊ पोटाशी असल्याशिवाय कुठलंही यंत्र शहाण्यासारखं वागत नाही.

"कपाटाच्या डोक्यावर ठेवा की, बाई!" मालक कळवळले.

"तुम्ही डबा डोक्यावर ठेवून जेवता?"

मालकांनी एक सर्व्हर काढून कप्पा मोकळा केला. कपाटं हातोहात खपली.

पुढच्या वर्षी तैपेईच्या प्रदर्शनात झाडून सगळ्या परदेशी कपाटांत नेमका तोच कप्पा रिकामा.

"हा का हो मोकळा?" त्साओबाईंनी विचारलं.

विक्रेता मायेनं हसला. "सध्या बाजाराचा कलच तो आहे, बाई. तुम्हाला नाही कळायचं."