आधीच कसं कळलं?

"म्हणजे सर, दाराला कडी नाही असं मी सांगितलं, म्हणून चोर मीच?"

आलियाचा आवाज केबिनच्या बाहेर गेला. जाऊ दे. कधीतरी जायलाच पाहिजे होता. नांदेडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं ती एकटी सांभाळायची, आणि समोर बसलेले प्रशासक बिराजदार सर आज तिला घरी बसवायला निघाले होते. शेजारच्या खुर्चीत ट्रस्टी रेवणप्पा होते. देगलूरकडचे, वयस्कर, बोलणं कमी.

भानगड अशी होती. दवाखान्याचं सगळं इंटरनेट एकाच सॉफ्टवेअरमधून जायचं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. फाटकावरचा वॉचमनच समजा, सगळ्यांची ये-जा त्याच्या हातून. या वॉचमनमध्ये एक खोट निघाली होती. एक ठरावीक वेडीवाकडी ओळ कोणी त्याच्याकडे पाठवली, की तो जागीच आडवा. मग अख्ख्या दवाखान्याचं नेट बंद. पाठवणारा कोणीही असू शकतो, दवाखान्याच्या वायफायवर बसलेला कोणीही. ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं त्यांनीच हे जाहीर केलं होतं, आणि दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं होतं. ते टाकायला थोडा वेळ नेट बंद ठेवावं लागणार, बस्स एवढंच.

आलियानं सांगितलं. सर म्हणाले, चालू मशिनीला हात लावायचा नाही. तिनं परत सांगितलं. सर म्हणाले, लेखी द्या. तिनं लेखी दिलं. ते कोणी वाचलं नाही. मग नेट खरोखरच बसायला लागलं. दर वेळी ती पळत जायची, सर्व्हर बंद करून चालू करायची, नेट यायचं आणि ओरडणारे गप व्हायचे. असं का होतंय, हे एकानंही विचारलं नाही. विचारायचं कशाला? आलिया आहे ना पळायला!

आणि आता तिचं ते पत्र सरांनी वाचलं होतं. अगदी बारकाईनं.

"हे बघा अप्पा," सर म्हणाले, "नेट असं असं पडेल म्हणून लिहिलंय. आणि तस्संच पडलं. मॅडमला आधीच कसं कळलं? अहो, सरळ आहे. हीच करून राहिली."

काय बोलावं या डोक्याला! उद्या हवामानवाल्यांनी पाऊस सांगितला, तर पूर आल्यावर त्यांनाच धरून न्या. आलियाचे कान तापले. नोकरी गेली तर गेली, पण नेट पाडणारी पोरगी असं नाव एकदा झालं, की नांदेडात तिला कॉम्प्युटरला हात कोण लावू देणार होतं?

"मी केलं नाही, सर. अल्ला कसम."

"शपथा नकोत. एका ओळीनं पडतं म्हणता ना? मग पाडून दाखवा अप्पांसमोर. पडलं तर तुमचं पत्र खरं. नाही दाखवलं, तर इथंच राजीनामा लिहून द्या."

रेवणप्पा पुढं सरकले. "दाखव की पोरी. काय हाय ते एकदाचं होऊन जाऊ दे."

आलियानं लॅपटॉप उघडला. ओळ तिला पाठ होती. ती लिहून झाली. आता एकच बटण दाबायचं, की आलिया सुटली.

केबिनच्या काचेतून समोरचा बाक दिसत होता. बाकावर हदगावची तुळजाबाई बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. तिचा नवरा श्रीमंत आत खाटेवर होता. हृदयाचं ऑपरेशन. सरकारी योजनेची मंजुरी ऑनलाइन यायची होती, ती आल्याशिवाय त्याला कोणी ऑपरेशनला घेणार नव्हतं. त्याचे कागद आत्ता, याच घडीला, खिडकीवरची मुलगी चढवत होती. सकाळी तुळजाबाईनं आलियाचा हातच धरला होता. "माय, तेवढं मंजुरीचं बघ की. लई दुखून राहिलं त्यायला."

आलियानं परत स्क्रीनकडे पाहिलं. मान खाली घातली. कीबोर्डवर भराभरा बोटं चालली.

आणि बाहेर एकदम गलका उठला. "नेट गेलं! ओ, नेट गेलं!" खिडकीवरची मुलगी उभीच राहिली. तुळजाबाई कावरीबावरी होऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

बिराजदार सरांनी टेबलावर थाप मारली. "बघितलं अप्पा? बघितलं? तुमच्या डोळ्यांदेखत पाडलं! आता तरी पटलं ना?"

आलिया उत्तर द्यायलासुद्धा थांबली नाही. खुर्ची मागं ढकलली, दार उघडलं आणि सर्व्हरच्या खोलीकडे धूम ठोकली. वाटेत तिचा धक्का लागून कोणाची तरी पाण्याची बाटली पडली.

"पळाली! बघा, कशी पळाली! ओ वॉचमन, धरा तिला!" सरांनी मोबाइल काढला. "थांबा, पोलिसांनाच बोलावतो. अशा लोकांना असंच पाहिजे."

रेवणप्पांनी चष्मा लावला. लॅपटॉप आपल्याकडे ओढला. स्क्रीनवरचं वाचलं आणि हात लांब करून त्यांनी सरांचा मोबाइल खाली दाबला.

"बिराजदार, ती ओळ पोरीनं कवाच खोडून टाकली. हितं लिवलंय, 'बाहेर पेशंट आहेत, मी नेट पाडणार नाही, माझा राजीनामा घ्या.'"